टिक कुठे करू?

उजव्या कानाला यंत्र लागल्यापासून सगळ्यांचे आवाज एकाच पट्टीत येतात. जबड्याचं ऑपरेशन झालेला पेशंट आधीच अडखळत बोलतो. शब्द हुकला तर नातेवाईक सांगतात. हुकतो तो सूर. समुपदेशक म्हणून माझा सगळा माज त्या सुरावर चालला होता.

कारण पारोळ्याचा कापूसवाला असो की रावेरचा केळीवाला, आजाराचं विचारलं की उत्तर एकच : ‘देवनी मरजी.’ त्या दोन शब्दांत एक जण हात टेकतो; दुसरा त्यांच्यावरच हात टेकून उभा राहतो. कोण कुठला, हे मी नुसत्या आवाजावरून ओळखतो, असं चारचौघांत सांगतही असे.

हाताखाली आलेली मुलगी मिनी-मॅकची, म्हणजे पेशंट कॅन्सरला मनाने कसा सामोरा जातो ते मोजणाऱ्या प्रश्नावलीची, २९ वाक्यं घेऊन बसते. त्यात दैववाद वेगळा, हतबलता वेगळी. कागद करणारे मूर्ख नव्हते. पण वाक्य वाचून दाखवलं की आमचा शेतकरी सगळ्यालाच ‘हो’ म्हणतो. दवाखान्यात नाही कशाला म्हणा!

राग येतो तो ‘लढा’ म्हणणाऱ्यांचा. १९७९ साली लंडनचे संशोधक ग्रीअर यांना स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांत झुंजणाऱ्या, आणि आजार नाकारणाऱ्याही, जास्त बऱ्या राहिलेल्या दिसल्या. पसरलं फक्त झुंजणाऱ्यांचं. १९९९ साली वॉटसन यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ५७८ बायकांचा पाठपुरावा छापला. झुंजारपणाचा फायदा दिसला नाही, हतबलतेचा तोटा मात्र दिसला. व्याख्यानात हे कोण सांगणार? रेडिएशनच्या शेकाने तोंड सोललेल्या माणसाला ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगून वक्ते पाकीट घेऊन जातात. गाठ परत आली की तो मला विचारतो, ‘मी कमी पडलो का?’

सूर कळत नाही म्हणून हल्ली मी पुढचं विचारतो. बियाणं घेतलं का, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक येणार का. परवा धुळ्याकडचे एक बाबा ‘देवनी मरजी’ म्हणाले आणि त्याच दमात पिशवीतून रेल्वे सवलतीचा फॉर्म काढून डॉक्टरांची सही कुठे हवी ते बोटाने दाखवलं. त्यांना आत पाठवलं. दुसरे तेवढेच शांत, पण फाईल बायकोच्या मांडीवर, नाकातल्या नळीचं सांगणंही तिच्याकडेच. त्यांच्यापाशी बसलो. मुलीला अर्थात मी हे सुरावरून ओळखल्याचं भासवलं.

अखाजीचं विचारलं तर ते बराच वेळ गप्प. मग बायकोकडे न बघता म्हणाले, ‘पापड झाले का, हिला विचारा.’

‘सर, टिक कुठे करू?’

‘पेन्सिलने कर,’ म्हटलं.