वर्ग पाचवीचा, नोंद सहावीची

दहावीच्या सराव परीक्षेची उर्दूची प्रश्नपत्रिका टाइप करत होते. आदल्या रात्री लिनक्स अपडेट केलं होतं आणि सकाळी नस्तालीकची अक्षरं सुटी सुटी दिसू लागली. तरी मी घाबरले नाही. अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घेतला होता. त्यावर मागे गेले, अक्षरं जुळली, पेपर वेळेत छापून झाला. अल्हम्दुलिल्लाह.

घोळ कळला तो पुढच्या आठवड्यात. त्याच अपडेटमध्ये ब्राउझरच्या सुरक्षेची दुरुस्तीही होती. निदान ती तरी घ्यावी म्हणून पुन्हा अपडेट द्यायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणतो, सगळं ताजं आहे, काही बाकी नाही. ब्राउझर उघडून पाहिला तर आवृत्ती जुनीच!

चूक माझीच होती. प्रोग्रॅम राहतात 'यूएसआर' फोल्डरमध्ये. कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीचं, ही नोंद माझ्या सिस्टिममध्ये 'व्हार'मध्ये होती. मी डिस्कचे भाग पाडताना 'व्हार' वेगळा ठेवला होता. स्नॅपशॉटने प्रोग्रॅम मागे नेले, नोंद मात्र पुढेच राहिली.

शाळेच्या भाषेत सांगायचं तर मूल पाचवीत बसलेलं आणि जनरल रजिस्टरात सहावीत. मग त्याचे राहिलेले धडे घेणार कोण? रजिस्टर बघणाऱ्याला ते राहिलेत हेच माहीत नाही.

म्हणून काय 'व्हार'सुद्धा मागे न्यायचा? तेही चूक. तिथे लॉग असतात, बऱ्याचदा डेटाबेसही असतात. अपडेटनंतर एखाद्या शाळेने 40 मुलांचे गुण भरले असतील, तर प्रोग्रॅमसोबत ते गुणही पुसले जातील. माणसांनी केलेलं काम मागे जाता कामा नये. बसवलेल्या प्रोग्रॅमचं वर्णन करणारी नोंद मात्र त्या प्रोग्रॅमसोबतच जायला हवी.

आरपीएम वापरणाऱ्यांनी हा तिढा सोडवला आहे. ओपनसुसेने ही नोंद 'व्हार'मधून काढून 'यूएसआर'मध्ये, 'लिब/सिसइमेज/आरपीएम' इथे नेली. फेडोरानेही 2022 मध्ये, 36व्या आवृत्तीत, तेच केलं. आता 'यूएसआर' मागे गेलं की नोंदही मागे जाते. डेबियनची नोंद अजून 'व्हार/लिब/डीपीकेजी'मध्येच आहे. तिथे स्नॅपशॉट वापरणाऱ्याने दोन्ही एकत्र मागे जातील याची काळजी स्वतः घ्यायची.

मला एकेक पॅकेज पुन्हा बसवत दोन संध्याकाळी घालवाव्या लागल्या. त्याहून जास्त लागलं ते हे की आठवडाभर मी निर्धास्त होते. तो जुना ब्राउझर उघडून मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरत होते, त्यांच्या आईवडिलांच्या बँक खात्यांचे नंबर टाकत होते. आता मागे गेले की कॉम्प्युटर काय म्हणतो ते ऐकत नाही. आधी ब्राउझर उघडून आवृत्ती बघते.