वाण्याची वही

आमच्या घराला इतिहास असलाच, तर तो एका उधारीच्या वहीत आहे. लाल पुठ्ठा, कोपऱ्यांवर तेलाचे डाग, आत वाण्याचं घाईतलं अक्षर. लालबागच्या आमच्या चाळीत अशी वही घरोघरी असे. पगार झाला की वडील खातं चुकतं करायचे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत वडीलही. आमच्या वहीतली 'जमा'ची बाजू तेव्हापासून कोरी राहिली. आधी तूरडाळ गेली. मग गोडं तेल पावशेरावर आलं. पावसाळ्यात तांदूळ, मीठ, चहाची पुडी एवढंच. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडील गावी गेले, आई लोकांचे डबे करू लागली. वही ट्रंकेत गेली.

लिहू लागल्यावर ती बाहेर काढली. उपासावर लिहिणं सोपं गेलं. (उपाशी मुलाविषयी कोण वाईट बोलणार?) पण डाळ बंद झालेल्या महिन्यांतही एक नोंद नेमाने होती: विडीचा कट्टा. वडिलांचा. या ओळीपाशी माझी लेखणी वर्षानुवर्षं अडली. गरिबीने आम्ही बिचारे दिसतो ते कागदावर लगेच उतरतं. गरिबीत आम्ही कसे वागलो, ते उतरत नाही. दया पवारांनी 'बलुतं' या आत्मकथनात (१९७८) स्वतःचेच दोन केले. सांगणारा दगडू मारुती पवार, ऐकणारा दया पवार. ती मला नुसती क्लृप्ती वाटत नाही. समोर कुणी ऐकणारा बसवल्याशिवाय काही गोष्टी तोंडातून निघत नाहीत.

माझी ऐकणारी आई झाली. वडील तेव्हा हयात नव्हते. विडीचं लिहू का, विचारलं. ती निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, "लिही की. विडी नसती तर तो माणूस भिंतीवर डोकं आपटून मेला असता. आणि वाण्याने एवढं उधार दिलं, तेही घाल. नुसतं रडगाणं नको."

वाणी माझ्या कथेच्या खर्ड्यात नव्हताच. तो घातला. एका संपादकांनी सुचवलं, विड्या काढा, वडिलांबद्दलची सहानुभूती कमी होते. मला ते पटलं नाही. कथा दुसऱ्या नियतकालिकात छापून आली, विड्यांसकट.