नजर नको, काम बघा!

ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येते तुम्हाला? मला येते. माझ्या वर्गातल्या सहा वर्षांच्या दोस्तालाही येते. तो कान झाकतो ते म्हणूनच, हट्टानं नव्हे. मी स्पेशल एज्युकेटर आहे, आणि ऑटिस्टिकही.

तरी एका शाळेनं मला इंटरव्ह्यूतच कटवलं. कारण? 'आय कॉन्टॅक्ट नाही.' घ्या! ऑटिस्टिक मुलांच्याच शाळेत! डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक ब्रिटिश संशोधकानं २०१२मध्येच मांडलंय, की एकमेकांना न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. आपल्याकडे २०१६च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत आरक्षण दिलं. ऑटिझमसह काही अपंगत्वांना मिळून १ टक्का. खासगी शाळांचं काय?

फार नकोय हो. प्रश्न आधी लेखी द्या. आणि नजर मोजण्यापेक्षा तासभर मुलांसोबत बसवून बघा.