एक पाट, दोन गिटारी आणि तिसरी पिन



मागच्या स्नेहसंमेलनात माझ्या लेकीला स्टेजवर शॉक बसला. मोठा नव्हता. माइकला ओठ लागले तशा मुंग्या आल्या, ती दचकून मागे सरकली आणि गाणं अर्धं राहिलं. लोकांना वाटलं, पोरगी ओळ विसरली. पण चूक माझी होती, आणि मी दहावीला विज्ञान शिकवते. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय. तुमच्याही घरात किंवा वर्गात गिटारवालं कुणी असेलच.

आधी थोडी ओळख. इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या, पायाने दाबायच्या छोट्या डब्या असतात, त्यांना पेडल म्हणतात. कुठली आवाज फाडते (ओव्हरड्राइव्ह), कुठली त्याचा प्रतिध्वनी काढते (डिले). त्या एका फळीवर ओळीने बसवल्या की झाला पेडलबोर्ड. आमच्या बाईसाहेबांना एकाच कार्यक्रमात दोन गिटारी हव्या होत्या. पहिलं गाणं अकौस्टिकवर, दुसरं इलेक्ट्रिकवर. "आई, एकच बोर्ड करू, दोन्हीला चालेल." मी हो म्हटलं. इथूनच गोंधळ सुरू झाला.

कारण या दोन गिटारींचा आवाज तयार होण्याची रीतच वेगळी आहे. इलेक्ट्रिकमध्ये तारेखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात. स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत विद्युतधारा निर्माण होते. 'विद्युतधारेचे परिणाम' हा पाठ शिकवताना आपण चुंबक कुंडलात आत-बाहेर करून गॅल्व्हानोमीटरचा काटा हलवून दाखवतो, तेच हे. अकौस्टिकमध्ये मात्र ब्रिजवरच्या पांढऱ्या पट्टीखाली पिएझो पट्टी असते. दाब पडला की ती व्होल्टेज देते. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर 'टक्' करून ठिणगी पाडतो ना, त्याच जातीची. मुलांना हा लायटर दाखवा, अर्धा तास कसा जातो कळत नाही.

पिएझोचा सिग्नल फार नाजूक. तो थेट साध्या इनपुटला जोडला तर खर्जच नाहीसा होतो, आवाज पातळ आणि कर्कश येतो. म्हणून बहुतेक अकौस्टिकमध्ये बाजूला छोटा प्रीअँप आणि ९ व्होल्टची बॅटरी बसवलेली असते. पालकांसाठी एक उपयोगाची गोष्ट: या गिटारींत बहुधा वायर आत घातली की बॅटरी सुरू होते. रियाज झाला की वायर काढायला लावा. आमच्याकडे तीन बॅटऱ्या संपल्यावर हे समजलं.

बरं, पुढे आवाज जातो कुठे, तेही दोघींचं वेगळं. इलेक्ट्रिक जाते गिटारच्या अँप्लिफायरला. त्याचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही ऐकवतच नाही, आणि फाटलेल्या आवाजाला ते बरंच असतं, नाहीतर कान किटतील. अकौस्टिकला मात्र तारेची ती वरची चमक हवी, म्हणून ती थेट मिक्सरला आणि हॉलच्या मोठ्या स्पीकरला द्यायची. म्हणजे बोर्ड एक असला तरी वाटा दोन. आम्ही आधी सुरुवातीलाच एक स्विच लावून दोन्ही गिटारी एकाच वाटेने नेल्या होत्या. अँप्लिफायरमधून अकौस्टिक कांबळं पांघरून वाजवल्यासारखी ऐकू यायची, आणि ओव्हरड्राइव्ह चुकून चालू राहिला की पत्र्यावर गारा.

मग आम्ही वाटा वेगळ्या केल्या. पण वीज? ती एकाच अडॅप्टरवरून, फाटे फुटलेल्या वायरने सगळ्या पेडलना. समांतर जोडणी: व्होल्टेज सगळ्यांना ९, आणि प्रत्येकाची धारा बेरजेत. लेकीने प्रत्येक डबीच्या बुडावरचे मिलिअँपिअर वाचून बेरीज केली, अडॅप्टरवरच्या आकड्याशी ताडून पाहिली. मी खूश. (त्याआधी तिने राउटरचा अडॅप्टर लावायचा घाट घातला होता. पिन बसत होती, पण बहुतेक पेडलना मध्यभागी ऋण टोक लागतं आणि राउटरला धन. ते छोटं चित्र दोन्हीकडे छापलेलं असतं, तेवढं बघायची सवय लावा.) बेरीज बरोबर होती. मी वर्गात जे शिकवते ते सगळं बरोबर होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळं जोडलं आणि हॉलभर घूंऽऽ. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, तिची दुप्पट १००. गिटारच्या जाड तारेचा तिसऱ्या पडद्यावरचा सूर ९८ हर्ट्झचा. म्हणजे घरघर जवळजवळ सुरातच मिसळत होती! साउंडवाले दादा म्हणाले, "मॅडम, अँपला टू-पिन लावू का? लगेच जाईल." मी म्हटलं, लावा. खरंच गेली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि खुर्चीत जाऊन बसले.

आता काय झालं ते बघा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आतून वायरच्या जाळीला जोडलेल्या असतात, जाळी अँप्लिफायरच्या पत्र्याला, आणि तो पत्रा तिसऱ्या पिनमधून जमिनीला. घरघर का होती? कारण जमिनीला जायचे रस्ते दोन झाले होते. एक अँपच्या पिनमधून, दुसरा त्या सामाईक अडॅप्टरमधून अकौस्टिकच्या वायरीने मिक्सरला. दोन रस्त्यांचं वेटोळं तयार झालं की ते आजूबाजूची घरघर उचलतं. दादांनी पिन काढून पहिला रस्ता तोडला. पण दुसरा शिल्लक होता, म्हणून पहिलं गाणं सुखरूप झालं. मग त्या चॅनेलवर तबल्याचा माइक लावायचा म्हणून अकौस्टिकची वायर मिक्सरमधून काढली गेली, आणि दुसराही रस्ता संपला. अँपच्या पत्र्यावर झिरपणाऱ्या विजेला आता जायला वाटच नाही. हात तारांवर, ओठ जमिनीला जोडलेल्या माइकवर, आणि मधली वाट म्हणजे माझी मुलगी.

झिरपणारी वीज थोडी होती म्हणून मुंग्यांवर भागलं. आत कुठे वायर सुटून पत्र्याला लागली असती तर? १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे स्टेजवरच गेला, हातात गिटार असताना माइकला स्पर्श होऊन. हे मी संमेलनानंतर वाचलं. त्या रात्री झोप आली नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघींनी नव्याने आराखडा केला, ड्रॉइंग शीटवर. पहिली ओळ तिने लाल पेनाने लिहिली: तिसरी पिन काढायची नाही. अँप आणि बोर्ड एकाच एक्स्टेन्शनवर. वीजपुरवठा असा, ज्याचं प्रत्येक टोक दुसऱ्यापासून आतून अलग आहे. यालाच सर्वांत जास्त पैसे गेले, आणि तिला हवं असलेलं नवं पेडल राहिलं. दोन दिवस अबोला होता. अकौस्टिकच्या वाटेवर डीआय बॉक्स घेतला. तो सिग्नल दोन उलट-सुलट तारांतून पाठवतो, मिक्सर त्यांची वजाबाकी करतो आणि वाटेत शिरलेला गोंगाट कटतो. साधी गिटारची वायर सहा मीटरच्या पुढे गेली की वरचे सूर बोथट होतात, तोही प्रश्न मिटला. शिवाय डीआयवर एक 'ग्राउंड लिफ्ट' बटण असतं. ते सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडतं, भिंतीतल्या विजेचं अर्थिंग नाही. वेटोळं तोडायची जागा ही. मला हा फरक संमेलनाच्या दिवशी माहीत असायला हवा होता.

इलेक्ट्रिकच्या वाटेवर ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिले, एवढंच. अकौस्टिकला डोक्यावर चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर, तो लाकडाच्या कंपनावर चालतो, हॉलमधल्या गलक्याचं त्याला काही नाही. रिव्हर्ब विकत घेतला नाही, तो मिक्सरमध्ये असतोच. फळी सुतारकाकांनी उरलेल्या प्लायवूडची करून दिली, आणि पेडल चिकटवायला वेल्क्रो.

शाळेत मी आता तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर घेऊन जाते. हॉलमधल्या स्टेजजवळच्या चार सॉकेटपैकी एकात अर्थिंगच नव्हतं. मुख्याध्यापकांना लेखी दिलं, इलेक्ट्रिशियन येऊन गेला. दादांनाही फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मॅडम, आम्ही वीस वर्षं असंच करतोय." पुढच्या आठवड्यात त्यांनीच फोन करून विचारलं, डीआय बॉक्स कुठे मिळतो.

आराखडा लेकीच्या कपाटावर चिकटवलेला आहे. डिलेची जागा तिने अजून पेन्सिलीनेच लिहिली आहे.