केडगावची एक दुपार

सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर नाहीतर गणपतीपुळे येतं. मी मात्र गेल्या फेब्रुवारीत गेले केडगावला, आणि तेही शेजारच्या मावशींना सोबत म्हणून.

ह्या मावशी ख्रिस्ती. वय सत्तरीच्या पुढे. एका दवाखान्यात आयुष्यभर आयाचं काम करून आता घरी असतात. दीड वर्षापूर्वी माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला त्या आमच्या दारात हजर! सासूबाईंना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पावडर लावायची, चादर बदलायची. हे सगळं कसं करायचं ते मला त्यांनीच शिकवलं. आमच्या सासूबाई माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. पण मावशींचा हात लागला की त्यांचा चेहरा निवळतो. माझा लागला की आखडतात.

खोटं कशाला सांगू, मला ते फार झोंबायचं. अर्धा दिवस शाळा, मग स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, त्यात हे आजारपण. मी कर्तव्यात कसूर केली नाही, पण प्रत्येक गोष्टीचा मनात हिशेब ठेवत होते. आज चार चादरी धुतल्या, काल रात्री तीनदा उठले, नणंद मात्र महिन्यातून एकदा डोकावते! एक दिवस मावशींना विचारलंच, "तुम्हांला कंटाळा कसा येत नाही हो?" त्या म्हणाल्या, "येतो की! मग देवाला म्हणते, माझ्यानं होत नाही, तूच कर. आणि हात चालू ठेवते." मला ते बोलणं नुसतं बोलण्यापुरतं वाटलं.

मावशींना एकदा केडगाव बघायचं होतं. त्यांची आजी १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळात तिथे आलेली, आठेक वर्षांची पोर. ह्यांनी रजा काढली, मी पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी डब्यात भरली आणि आम्ही दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. हडपसर, लोणी, उरुळी, यवत. पुण्याची इमारतींची गर्दी मागे पडते आणि उसाचे फड सुरू होतात. पन्नास-साठ किलोमीटरांचा तर प्रवास.

पंडिता रमाबाईंनी ही जागा घेतली तेव्हा इथे ऊस नव्हता, कोरडा माळ होता. शारदा सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून फळबाग करायचा त्यांचा विचार. पण १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण अशाच दुष्काळात गेलेले. पोटातली ती आग त्यांनी स्वतः सोसली होती. त्या उठल्या आणि तिकडे जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागलेले, तिथे ठेवता येईनात, म्हणून ह्या माळावर आणल्या. विहिरी खणल्या, झोपड्या उभ्या केल्या. १८९८ साली 'मुक्ती' सदन उभं राहिलं. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर इथली माणसं दोन हजारांच्या आसपास गेली. आपल्या घरी चार पाहुणे वाढले तर कणीक पुरेल का म्हणून आपला जीव खालीवर होतो!

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्यावरून इथे किती वादळ झालं, १८९३ साली पुण्यात पालकांनी शारदा सदनातून मुली कशा काढून नेल्या, तेही ठाऊक असतं. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेली एक गोष्ट मला मावशींकडून कळली. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला धर्म मिळाला, पण ज्याच्यासाठी धर्म घेतला तो ख्रिस्त काही मिळाला नाही. एवढ्या विद्वान बाई! कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या. त्यांनी आपली हुशारी, आपला मान सगळं देवाच्या पायाशी ठेवलं आणि मगच त्यांचं मन ठिकाणी आलं. मावशी म्हणाल्या, "शिकलेल्या माणसाला वाकायला वेळ लागतो गं." बी.ए. झालेल्या मला ते नेमकं लागलं.

मिशनच्या आवारात दाट सावली आहे. "सलाम, बाई" म्हणून मावशींचं स्वागत झालं. जुनं मोठं दगडी चर्च पाहिलं. आत गार वाटतं. मावशी तिथे खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. त्यांची आजी ह्याच आवारातल्या छापखान्यात खिळे जुळवायची. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत बायबलाचं भाषांतर पंधराहून अधिक वर्षं करत राहिल्या. त्याची जुळणी, छपाई इथल्याच मुलींनी केली. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पोटची पोर गेली तरी भाषांतराचं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि बायबल १९२४ साली छापून पूर्ण झालं. दुष्काळातून आलेल्या, आपल्या गावाचं नावही न सांगता येणाऱ्या एका पोरीचे हात त्या पुस्तकाला लागले आहेत, हे मावशी दोनदा बोलल्या.

परत निघताना व्हरांड्यात एक म्हाताऱ्या अंध बाई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. बोटांनी काठ चाचपून, कोपऱ्याला कोपरा जुळवून, वरून हात फिरवून. माझ्या घरच्या घड्या इतक्या नीट नसतात. मी विचारलं, "आजी, किती वर्षं करताय हे काम?"

"मोजलं नाही बाई," त्या म्हणाल्या, आणि पुढची चादर ओढली.

गाडीत मावशींना डुलकी लागली. मी खिडकीशी बसून विचार करत होते, आपण तर सगळंच मोजतो! शरण जाणं म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणं, अशी माझी समजूत होती. इथे पाहिलं ते वेगळंच. कष्ट तेवढेच, किंबहुना जास्तच, फक्त त्याचं श्रेय आणि त्याची वही दोन्ही दुसऱ्याच्या हवाली केलेली. आमच्या वारकरी घरात हे रोज ऐकायला मिळतं. मला ते कळायला केडगावला जावं लागलं.

घरी आले तर सासूबाईंनी चहा सांडलेला. ह्यांची नुसती धांदल. मी पदर खोचला, चादर बदलली आणि मनातल्या मनात मावशींचंच वाक्य म्हटलं. सासूबाई आखडल्या नाहीत. डाव्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चिडले, हेही सांगायला हवं. एका दिवसात माणूस बदलत नाही. पण आकडे मोजायला लागले की आता माझं मलाच कळतं, आणि मी थांबते.

तुम्हांला जायचं असेल तर पुण्याहून दौंडच्या गाडीनं एका दिवसात सहज जाऊन येता येतं. मात्र तिथे आजही निराधार बायका-मुलं राहतात. ते त्यांचं घर आहे, म्हणून आधी कळवून परवानगी घेऊन जा. आणि सोबत एखादी मावशी असली तर फारच छान!