फुल रेसला १६.८ व्होल्ट

आमची होडी फायबरची. सर्जेकोटला लागते. मागे दोरीने चालू होणारं छोटं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. मी आणि धाकटा भाऊ गिलनेट टाकतो. होडीवर विजेचं सामान थोडंच आहे. दिवे, फिशफाइंडर, जीपीएस आणि वायरलेस. सगळं एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी इंजिनवर चार्ज व्हायची. अशी जोडणी बऱ्याच होड्यांवर असते, म्हणून आमच्याकडे काय झालं ते सांगतो.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात काढली, तेव्हा जुने पिवळे बल्ब काढून एलईडी बसवले. उजेड चांगला पडायला लागला. थोड्याच दिवसांत फिशफाइंडर त्रास देऊ लागला. जाळी टाकताना, हळू चालताना काही नाही. परतताना इंजिनला फुल रेस दिली की पडदा काळा व्हायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा काळा. एकदा निवतीकडून येताना गेला तो आलाच नाही. त्याच फेरीत एक दिवाही गेला. फ्यूज काढून पाहिला तर साबूत.

बंदरावरच्या मेकॅनिकने होडी बांधलेली असतानाच इंजिन चालू केलं आणि मीटर लावला. १२.९ व्होल्ट. "चार्जिंग बरोबर आसा. बॅटरी नवी घाल, सगळा ठीक होतला," म्हणाला. आम्ही पाणी घालावं न लागणारी सीलबंद बॅटरी आणली. काही आठवड्यांत तिच्या बाजू फुगल्या. डब्याचं झाकण उघडलं की नाक झोंबायचं. फिशफाइंडरचे पैसे गेले ते गेले. मला धास्ती होती वायरलेसची. मी घरी असलो की भाऊ एका खलाशाला घेऊन जातो. इंजिन बंद पडलं आणि वायरलेसही मेलेला असला तर हाक कोणाला मारणार? भाऊ बाहेर असला की मला झोप लागत नसे.

माझा भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याला सगळं दाखवलं. तो म्हणाला, "मामा, किनाऱ्यार मोजून उपयोग नाय. बॅटरी फुल करून भायर जाऊया." पाण्याची साधी बॅटरी उसनी आणली आणि रात्रभर घरच्या चार्जरवर लावली. सकाळी वायरलेस आणि जीपीएसच्या वायरी सोडवून ठेवल्या आणि निघालो.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत मीटरवर १३ च्या आतबाहेर होतं. भाऊ हळूहळू रेस वाढवत गेला तसा आकडा चढत गेला. अर्ध्या रेसला १४.५. मग १५ ओलांडले. फुल रेसला १६.८, आणि तिथेच थांबला. भाच्याने एलईडी लावले, आकडा जेमतेम हलला. मग त्याने खिशातून मोटरसायकलच्या हेडलाइटचा जुना ३५ वॉटचा बल्ब काढून बॅटरीच्या टर्मिनलना लावला. आकडा लगेच खाली आला. बल्ब काढला की पुन्हा वर. तेव्हा कळलं की आमचे जुने पिवळे बल्बच इतकी वर्षं जास्तीची वीज खात होते.

आमच्यासारख्या छोट्या इंजिनात फ्लायव्हीलखाली लाइटिंग कॉइल असते. फ्लायव्हीलचे चुंबक तिच्याभोवती फिरतात आणि वीज तयार होते. रेस जास्त तसे व्होल्ट जास्त. पुढचा रेक्टिफायर एसीची डीसी करतो, एवढंच त्याचं काम. अडवणारा रेग्युलेटर आमच्या इंजिनात नव्हताच. टाकी भरली तरी पंप चालूच राहावा, तसा हा प्रकार. बॅटरी अर्धी रिकामी असेल तर ती वीज ओढून घेते आणि मीटरवर सगळं ठीक दिसतं. भरली की व्होल्ट चढतात. दोरीने इंजिन चालू करणाऱ्यांची बॅटरी तर बहुतेक वेळ भरलेलीच असते.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीला चार्ज करताना १३.८ ते १४.४ व्होल्ट पुरतात. त्याच्या वर बराच वेळ गेलं की आतल्या पाण्याचा वायू होतो. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालता येतं, सीलबंद फुगते आणि संपते. आमच्या वायरलेसच्या पुस्तकात १३.८ व्होल्ट, १५ टक्के कमी-जास्त, असं लिहिलं आहे. म्हणजे १५.९ च्या वर त्याची हमी नाही. आणि फ्यूज करंट जास्त झाला तरच उडतो, व्होल्ट चढले म्हणून उडत नाही. म्हणून तो साबूत राहिला आणि मशीन गेलं.

परत येऊन बॅटरीचा डबा उघडला, तर पॉझिटिव्हच्या लगवर हिरवी-पांढरी पूड जमली होती. बोटाने हलवला तर लग सैल. माझ्या मते सगळ्यात धोक्याची जागा हीच. होडी लाटेवर आपटली की असा लग क्षणभर सुटतो. इंजिन चालू असताना बॅटरी लाइनमधून सुटली तर व्होल्ट आवरायला काहीच उरत नाही, सगळा झटका उपकरणांवर येतो.

त्याच दिवशी भाच्याने फिशफाइंडरची आणि जीपीएसची लाइन इंजिनपासून पूर्ण तोडली. त्यांना १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी वेगळी दिली, इमर्जन्सी दिव्यात असते तशी. नवा फिशफाइंडर एक अँपिअरही घेत नाही, फेरीला ती पुरून उरते. घरी आलो की चार्जरला लावतो. हातात फार पैसे नसतील तर एवढं जरी केलं तरी ही दोन मशीनं वाचतात.

वायरलेसला ती बॅटरी अपुरी. २५ वॉटवर बोलताना तो पाच-सहा अँपिअर ओढतो. त्यासाठी मोठ्या बॅटरीची लाइनच सुधारावी लागली. जुना रेक्टिफायर काढून त्या जागी रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवला. मोटरसायकलचा चालतो, पण कुठलाही नाही. काही गाड्यांत कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ केलेलं असतं, त्यांचा रेग्युलेटर वेगळा. आमच्या कॉइलच्या दोन्ही वायरी मोकळ्या होत्या. भाच्याने मीटरवर एकेक वायर इंजिनच्या बॉडीशी तपासून खात्री केली, मगच फुल-वेव्हचा आणला. तो बराच तापतो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर, वारा लागेल पण पाणी उडणार नाही अशा ठिकाणी लावला. बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीत, बॅटरीजवळ, फ्यूज घातला. लग नवे लावले, घट्ट आवळले आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. बॅटरी पुन्हा पाण्याचीच घेतली.

पुन्हा तशीच भरलेली बॅटरी घेऊन बाहेर गेलो. फुल रेसला १४.३. भावाने रेस कमी-जास्त करून पाहिली, आकडा तिथेच. वायरलेस जोडला आणि बंदरातल्या होडीशी बोलून पाहिलं. आवाज स्वच्छ आला. भाऊ काही बोलला नाही, पण जाळी न टाकता तसाच लांबपर्यंत होडी नेत राहिला.

हळू चालीवर आमची कॉइल जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, ते अजून तसंच आहे. जाळ्यावर रात्रभर दिवे लावून राहिलो तर सकाळी बॅटरी उतरलेली असते, म्हणून तीही आठवड्यातून एकदा घरी आणतो. भाच्याने मीटर माझ्याकडेच ठेवला आहे. शेजारच्या होडीवर मोजलं तर १५.६ दाखवले, त्यांच्याही वायरलेसची लाइन तूर्त सोडवून ठेवली आहे. त्यांची कॉइल अर्थ केलेली निघाली, त्यामुळे त्यांना रेग्युलेटर दुसरा लागेल. तो मिळेपर्यंत त्यांच्या वायरलेससाठी घरी चार्ज केलेली मोठी बॅटरी वेगळी दिली आहे.