खुडूक

अंडी द्यायचं थांबवून एका जागी बसून राहिलेल्या कोंबडीला आमच्याकडं खुडूक म्हणतात. शब्द कोंबडीपुरता राहत नाही. चालू न होणारी मोटारसायकल खुडूक होते, कामधंदा सोडून ओट्यावर बसलेला माणूसही खुडूक होतो. वडील गेल्यानंतर पाच महिन्यांनी, वैशाखात, मी तीन आठवड्यांसाठी गावी गेलो. शेजारच्या काकी बोळाच्या तोंडाशीच भेटल्या. म्हणाल्या, "तुझी आय पार खुडूक झालीया बघ. बोलत न्हाई, कुठं जात न्हाई. जरा हलीव तिला."

हलवायलाच आलो होतो. गाडीच्या डिकीत छत्तीस अंड्यांचं इनक्युबेटर होतं.

आईनं जन्मभर कोंबड्या पाळल्या. एके काळी परड्यात पंचवीस-तीस असायच्या. माझ्या बारावीच्या क्लासची फी अंड्यांतून आणि दिवाळीला विकलेल्या कोंबड्यांतून गेली होती. आता सात उरल्या होत्या. पुण्यात बसून मी हिशेब केला होता की आईला माणसांपेक्षा कोंबड्यांत गुंतवणं सोपं जाईल. वडिलांचे शेवटचे अकरा दिवस पुण्यातल्या दवाखान्यात गेले. त्यांना तिकडं हलवायचा निर्णय माझा होता. त्यावर आई कधी काही बोलली नव्हती. तशी ती कशावरच बोलत नव्हती. सोप्यात, दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकून बसायची. जेवायला वाढलं तर जेवायची.

मशीन बघून तिनं विचारलं, "केवढ्याला?" मी आकडा निम्मा करून सांगितला. तिला तो तरीही जास्त वाटला असावा, पण तेवढं बोलायचेही कष्ट तिनं घेतले नाहीत.

पिवळ्या प्लास्टिकचा डबा, वरती पारदर्शक झाकण, आत एक पंखा, आणि दर दोन तासांनी अंडी आपोआप कलती करणारा ट्रे. तापमान 37.5 अंश. आर्द्रता पहिले अठरा दिवस साधारण 50 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत आणि झाकण उघडायचं नाही. मी वाडीतून अठरा गावठी अंडी गोळा केली आणि बारा कडकनाथची विकत आणली. कडकनाथ कोंबडी सहसा खुडूक होत नाही. तिची अंडी दुसरीच्या पोटाखाली नाहीतर यंत्रातच उबवावी लागतात, म्हणून मला माझी खरेदी फारच शहाणपणाची वाटत होती.

त्याच आठवड्यात तांबडी खरोखरची खुडूक झाली. जळणाच्या ढिगावर एक फुटकी पाटी होती, तिच्यात ती रिकाम्या जागेवर बसायची. खाली अंडं नाही, काही नाही. हात नेला की अंग फुलवून खुडखुडायची, टोचायची. काकी म्हणाल्या, पाण्यात बुचकळ, उतरंल. मी बादलीत बुचकळली. तासाभरात ओल्या पिसांनी पुन्हा पाटीत. मग काकींनी तिच्याच पंखाचं एक पीस उपटून नाकपुड्यांतून आरपार घातलं. ही आमच्याकडची जुनी युक्ती. कोंबडी ते पीस काढायच्या नादात हिंडते आणि बसायचं विसरते, असं म्हणतात. तांबडी ते पीस मिरवत पाटीत जाऊन बसली.

अंड्यांचा धंदा करणाऱ्याला खुडूक कोंबडी म्हणजे निव्वळ तोटा. खाते, पण घालत नाही. म्हणून लेगहॉर्नसारख्या जातींतून निवड करत करत ही सवयच जवळजवळ घालवून टाकली आहे. उलट परदेशातले हौशी लोक सिल्कीसारख्या छोट्या चणीच्या बँटम कोंबड्या मुद्दाम बाळगतात, कारण त्या वरचेवर खुडूक होतात आणि कुणाचीही अंडी पोटाखाली घेतात. बँटम हे नाव जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून आलं. आमची तांबडीही तशीच, मुठीएवढी.

पीस घातलेली तांबडी बघून आई जागची उठली. परड्यात आली, कोंबडीला काखेत धरून नाकातलं पीस हलक्या हातानं ओढून काढलं आणि म्हणाली, "तिला बसायचंय तर बसू दे की. का सगळी तिच्या मागं लागलाय?"

त्या पाच महिन्यांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

मग तिनंच तांबडीला रवणाला बसवली. चांगल्या पाटीत भाताचं तूस, त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा, अकरा अंडी, विषम संख्येत. कडेला एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा खडा, कारण ढगांच्या गडगडाटानं अंडी नासतात. मी हसलो. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अंडी दहा दिवसांत वेगवेगळ्या दिवशी घातलेली होती, तरी पिल्लं एकाच दिवशी निघणार होती. ऊब मिळेपर्यंत आतला जीव जवळजवळ थांबून राहतो आणि पोटाखाली गेला की मोजायला लागतो. मी माझं मशीन त्याच संध्याकाळी चालू केलं. शर्यतच लावली म्हणा ना.

पुढचे दिवस माझे मशीनजवळ गेले. दर तासाला आकडे बघायचे, वहीत लिहायचे. आकडा 37.2 झाला की छातीत धडधड. रात्री दोनला उठून पाणी घालायचं. तांबडी मात्र दिवसातून एकदा, सकाळी उन्हं परड्यात आली की उतरायची. पंधरा-वीस मिनिटांत कण्या टिपायच्या, पाणी प्यायचं, राखेत लोळायचं, एक भलीमोठी घाण शीट टाकायची आणि परत. छातीखालची पिसं गळून तिची कातडी उघडी पडली होती. ती उघडी कातडी अंड्याला भिडते म्हणून ऊब नीट लागते आणि त्या स्पर्शानंच तिचं बसणंही टिकून राहतं. चोचीनं अंडी फिरवताना कडेची मध्ये, मधली कडेला. तिच्याकडं वही नव्हती.

सातव्या रात्री मोबाईलचा टॉर्च लावून अंडी बघितली. जिवंत अंड्यात कोळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात, मध्ये एक काळा ठिपका हलत असतो. माझ्या तीसपैकी आठ रिकामी निघाली, बावीस राहिली. तांबडीच्या अकरांत एकच रिकामं. आई मागं उभी राहून बघत होती. एक अंडं तिनं माझ्या हातातून घेतलं आणि मिटलेल्या पापणीला लावलं. "हे जितं हाय," म्हणाली. पुढं वाचताना मला कळलं की इजिप्तमध्ये हजारो अंडी एकदम उबवणाऱ्या मातीच्या भट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत आणि तिथले कारागीर थर्मामीटरऐवजी अंडं असंच पापणीला लावून ऊब जोखतात. आईला हे मी सांगितलं. ती म्हणाली, "मग कुठं लावणार? हाताला काय कळतंय, हात राबून मेलेला."

सोळाव्या दिवशी वळीव आला. डोंगरापलीकडं कोयनेचं धरण आहे. तिथली वीज कुठं कुठं जाते ते आम्ही शाळेत पाठ केलं होतं. आमच्या वाडीत मात्र पहिला ढग गरजला की अंधार. साडेसातला गेलेली वीज पहाटे साडेचारपर्यंत आली नाही. नऊ वाजता मशीनमधला आकडा 33 वर होता, तोही मी वारंवार झाकण उघडून बघत होतो म्हणून. इनव्हर्टर नव्हता. अठरा हजारांचं अमुक आणि ऑनलाइन तमुक करणाऱ्या माणसानं बॅटरीचा विचार केला नव्हता.

"झाकान लाव आधी," आई अंधारातून म्हणाली.

तिनं चूल पेटवली. गरम पाणी बाटल्यांत भरलं, बाटल्या फडक्यांत गुंडाळल्या, मशीनच्या चारी बाजूंनी लावल्या. चार अंडी काढून त्यांवर कोळशानं फुली मारली आणि तांबडीच्या पोटाखाली सरकवली. त्याहून जास्त मावली नसती. मग माळ्यावरच्या ट्रंकेतून वडिलांची घोंगडी काढली. ते गेल्यापासून ती ट्रंक उघडली नव्हती. घोंगडी मशीनवर चारी बाजूंनी खोचली आणि स्वतः तिला चिकटून बसली. तासातासानं बाटल्या बदलायच्या, हात आत घालून एक अंडं काढून पापणीला लावायचं. एवढ्या दिवसांचं पिल्लू थोडी ऊब स्वतःही धरतं, झाकून ठेवलं तर काही तास तगतं, हे मी वाचलं होतं आणि तिला सारखं सांगत होतो. खरं तर स्वतःलाच.

बाहेर कडाडत होतं. बाराच्या सुमाराला आई आपण होऊन बोलायला लागली. तिचं माहेर कोयनानगरच्या बाजूचं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. भूकंपाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या, पण ही नव्हती ऐकली. गोठ्याची भिंत पडली. दोन दिवसांनी दगड उपसताना खाली आडव्या झालेल्या वाशाच्या पोकळीत डालगं सापडलं आणि त्यात रवणाला बसलेली कोंबडी, जिवंत, अंड्यांवरच.

"मग पिल्लं निघाली का?"

"कोन बगत हुतं तवा," आई म्हणाली. "मानसं काढत हुतो."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, ह्या घोंगडीला अजून त्यांच्या विड्याचा वास येतोय. मी वास घेतला. मला धुराचा आला.

विसाव्या दिवशी तांबडीच्या पाटीतून चिवचिव यायला लागली. कवच फुटायच्या आधीच पिल्लं आतून बोलतात, आणि कोंबडी वरून हळू आवाजात उत्तर देते. माझ्या मशीनमधूनही आवाज येत होता. त्याला उत्तर होतं पंख्याचं. आई येता-जाता डब्याशी वाकून टाळूला जीभ लावून टॉक टॉक करायची. मी विचारलं तर म्हणाली, "कायतरी बोलाय नगं व्हय त्येंच्याशी?"

तांबडीखाली तिची दहापैकी नऊ निघाली आणि फुलीची चारही. तेरा. पाटीत भांडण नाही, गोंधळ नाही. पंखाखालून एकेक डोकं बाहेर.

मशीनमध्ये अठरा होती. एकविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत दहा निघाली. एकाला सकाळी टोच पडली होती. वाटाण्याएवढं भोक, त्यातून चोचीचं टोक. दुपारपर्यंत तसंच. संध्याकाळीही तसंच. चोच उघडत-मिटत होती. मधूनच थांबायची. टोच पडल्यावर पिल्लाला बारा, कधी चोवीस तास लागतात, त्या वेळात ते पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक आत ओढून घेत असतं, हे मला पाठ होतं. त्या बलकावरच ते पुढं दोन-तीन दिवस दाण्याशिवाय जगू शकतं. सगळं पाठ होतं. आणि ते तिथं माझ्यासमोर थांबत होतं. रात्री नऊला मी झाकण उघडलं आणि चिमट्यानं कवच सोलायला लागलो. दुसऱ्याच कपरीला पापुद्र्यातून रक्त आलं. मी थांबलो नाही. थांबायला हवं होतं. आता अर्धवट सोडलं तर वाळून चिकटेल, असं वाटलं. पिल्लू बाहेर आलं, ते पोटाशी लोंबणारी पिवळी पिशवी घेऊन. तळहातावर सात-आठ मिनिटं होतं.

आई मागं उभी होती, कधीपासून ते मला कळलं नाही.

"घाई केलीस," ती म्हणाली.

पुण्याला नेताना तिनं एकदाच म्हटलं होतं, राहू दे घरातच. मी तिला टक्केवारी सांगितली होती. शेवटचे चार दिवस तिला त्यांना दाराच्या काचेतून बघावं लागलं. मी हातातल्या पिल्लाकडं बघत विचारलं, "बाबांच्या वेळी पण केली का?"

तिनं पिल्लू माझ्या हातातून घेतलं, फडक्यात गुंडाळलं. "ह्येला अजून पिवळं आत घ्यायचं हुतं," म्हणाली. मग दारापर्यंत गेली, वळली. "तू जेवला न्हाईस अजून. भाकरी झाकून ठेवलीया."

उरलेली सात अंडी निघालीच नाहीत. फोडून बघितली. पूर्ण वाढलेली पिल्लं आत मेलेली, पापुद्रा अंगाला कागदासारखा आवळलेला. झाकण सारखं उघडलं की आतली हवा कोरडी पडते आणि असं होतं. त्यांना परड्यात पुरलं.

मशीनमधली पिल्लं दुसऱ्या रात्री, पुरता अंधार पडल्यावर, आईनं तांबडीच्या पंखाखाली एकेक करून सरकवली. उजेडात कोंबडी परकं पिल्लू टोचून काढते. रात्री ठेवलं तर सकाळी आपलंच समजून घेते. सहा तिच्याकडं, चार काकींकडं, त्यांचीही कोंबडी त्याच आठवड्यात पिल्लांवर होती. सकाळी मशीनची पिल्लं तांबडीच्या हाकेला दादच देईनात. माझा हात दिसला की माझ्याकडं धावायची. दुपारपर्यंत शहाणी झाली.

मी पुण्याला परतलो. पुढच्या महिन्यात दोन पिल्लं घारीनं नेली, एक मुंगसानं. हे मला फोनवर कळलं, आणि फोन आईनं केला होता. घारीला तिनं दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

श्रावणात पुन्हा तिचा फोन. काळी खुडूक झालीय, काकींची पांढरीपण बसायच्या बेतात आहे, दोघींना मिळून बावीस अंडी लागतील, तेवढी गोळा झालीत. मी विचारलं, मशीन लावतेस का?

"त्यात कांदं ठेवल्यात," ती म्हणाली. "तू येताना तेवढी चांगली बॅटरी घिऊन ये. मोबाईलच्या उजेडात मला शिरा दिसत न्हाईत."